सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? टोकन द्यायच्या आधी हे बघून घ्या

लॅम्बोर्गिनी, फेरारी, पोर्शे, ऑडी आर८ असल्या गाड्या आता कोल्हापुरात पण दिसायला लागल्यात आणि त्यातल्या बऱ्याच मुंबई, दिल्ली, बेंगळुरूकडनं सेकंडहँड आलेल्या असतात. आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजला लोक येतात ते बहुतेक वेळा व्यवहार झाल्यावर, गाडी दारात आल्यावर, आणि तेव्हा आम्ही काही सांगून उपयोग नसतो. म्हणून हे पत्रक काढलंय.

सगळ्यात आधी, कमी किलोमीटरला भुलू नका. जाहिरातीत "फक्त ६ हजार किमी" दिसलं की माणूस तिथंच निम्मा तयार होतो. पण २००८ ची गाडी एवढीच चाललीय म्हणजे ती वर्षानुवर्षं कुठल्यातरी बेसमेंटमध्ये उभी होती. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात, टाकीत पेट्रोल सडतं. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाचं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्या हिशोबानं बनवलेले नसतात. फेरारी ३६० चा टायमिंग बेल्ट तर किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलतात, साधारण ३ ते ५ वर्षांनी, गाडी जागची हलली नसली तरी. दरवर्षी ऑइल बदललेली, बिलं जपून ठेवलेली ३०-३५ हजार किमीची गाडी आम्ही कधीही आधी निवडू.

कागद गाडीच्या आधी बघा

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः डोळ्यानं जुळवा, फोटोवर जाऊ नका. इम्पोर्टेड गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री मागा, कस्टम ड्युटी भरल्याचा पुरावा तोच. काही गाड्या कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता थोड्या दिवसांसाठी देशात आलेल्या असतात, त्या इथं विकताच येत नाहीत, आणि असली गाडी गळ्यात पडली तर ती जप्त होऊ शकते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. परराज्यातली गाडी असेल, विशेषतः पुद्दुचेरी पासिंगची, तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग, करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, इम्पोर्टेड गाडीला तो आणखी जास्त. हा खर्च किमतीत धरूनच बोला. विमा कंपनीकडनं जुन्या क्लेमची माहिती पण काढा.

इंजिन थंड पाहिजे

हे आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्या पोचल्या सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून परत फिरा. गरम इंजिन सगळे दोष लपवतं. थंड स्टार्टला पहिलं मिनिटभर नुसतं ऐकायचं, खडखड येतेय का, निळा धूर येतोय का, आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, स्थिर आहे का. यात घाई नको.

पोर्शे ९११, बॉक्सटर, केमन १९९७ ते २००८ दरम्यानच्या असतील तर दोन गोष्टी विचाराच. एक, इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग बदललंय का, कारण ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. दोन, सिलिंडरला ओरखडे आहेत का. टिकटिक आवाज, ऑइल जास्त खाणं, एका बाजूचा सायलेन्सर पाइप दुसऱ्यापेक्षा काळा असणं ही त्याची लक्षणं, पण खात्री आत कॅमेरा घालूनच होते. त्या काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ ला वेगळं इंजिन आहे, त्यांना हा त्रास नाही. मॅन्युअल गिअरची पोर्शे असेल तर इंजिन कॉम्प्युटरमधनं ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढून घ्या, कोणी चुकून खालचा गिअर टाकून इंजिन मर्यादेबाहेर ताणलं असेल तर त्याची नोंद तिथं राहते.

लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर आणि फेरारी ३६०, ४३० चा एफ१ गिअरबॉक्स यात क्लच एकच, पण तो दाबणारा पाय तुमचा नाही, गाडीच तो आपोआप दाबते. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवली, चढावर रिव्हर्स घेतली की क्लच जळतो आणि बदलायचा खर्च लाखात जातो. स्कॅनर लावला की क्लच किती झिजलाय ते कळतं, विकणारा नको म्हणाला तर तिथनंच उठा. लॅम्बोर्गिनीच्या हुराकान आणि फेरारीच्या ४५८ पासनं ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, आला, तो बराच बरा.

पत्रा आणि पाणी

पेंट मोजायचं मशीन असतं, ते ॲल्युमिनियमवर चालणारं पाहिजे कारण यातल्या बऱ्याच गाड्या ॲल्युमिनियमच्या आहेत, आणि कार्बन फायबरच्या पार्टवर ते चालत नाही. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एका दारावर १२० आणि मागच्या पॅनेलवर ४८० आलं तर आत पुट्टी आहे, गाडी ठोकलेली आहे.

पुराचं आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, पण पाण्यातली गाडी कुठल्याही शहरातनं येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी रीळ संपेपर्यंत ओढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ आणि कुबट वास राहतो. सीटखालचे बोल्ट टॉर्चनं बघा, गंजलेले असतील तर सौदा बंद.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खालनं घासलेलं, वेल्डिंग केलेलं तिथंच दिसतं. पुढचं नाक वर उचलायची सिस्टीम असेल तर चार-पाच वेळा वर-खाली करून बघा, आपल्या स्पीडब्रेकरवर ती लागतेच लागते. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कच्या कडा बोटानं चाचपा, कपचा उडालेला असेल तर डिस्क बदलावी लागते आणि ती फार महाग. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ३५१८ म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा, नक्षी कितीही नवी दिसू दे, एवढा जुना टायर या स्पीडला चालवायचा नाही.

चालवून बघताना आधी गर्दीतनं न्या, तापमानाचा काटा जास्त वर चढतोय का आणि फॅन लागतोय का ते कळतं, मगच तावडे हॉटेलवरनं हायवेला घ्या.

आमच्याकडनं तपासणी करून घ्यायची असेल तर गाडी कुठल्या गावात आहे ते, आरसीचा फोटो आणि सर्व्हिसची बिलं आधी पाठवा. कागदात गडबड असेल तर आम्ही तिथंच सांगतो, मग प्रवासाचा खर्च तुम्हाला पडत नाही. रिपोर्ट फोटोंसकट लेखी मिळतो आणि "घेऊ नका" असा निघाला तरी फी तेवढीच, विकणाऱ्याकडनं आम्ही एक रुपया घेत नाही.