लडाखची तळी आणि डोंगराची सावली

हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला जाणाऱ्या पुणेकरांना पट्टकादंब चांगला ओळखीचा असतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस उजनीच्या काठच्या रानांत थव्याने चरतो. त्याची वीण मात्र इथे होत नाही. ती होते मंगोलियात, तिबेटात आणि आपल्या लडाखमध्ये, त्सो मोरीरीसारख्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांकाठी. म्हणून उजनीवर येणाऱ्या पाहुण्यांची काळजी असेल, तर हिमालयातल्या पाणथळ जागा कुठे आहेत आणि कशा बदलताहेत, हेही कळायला हवं.

"त्यात काय, उपग्रहाला वरून सगळं दिसतं," असं सहज म्हटलं जातं. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून तीन हजार मीटरच्या वरची चार हजारांहून जास्त तळी नोंदवली, हे खरंच आहे. पण चित्रातला काळा ठिपका पाण्याचा की सावलीचा, हे ठरवणं डोंगराळ भागात फार अवघड असतं, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते.

पाणी ओळखायची सोपी रीत मॅकफीटर्स या संशोधकाने १९९६ मध्ये मांडली. पाणी हिरवा प्रकाश थोडा तरी परत पाठवतं, अवरक्त म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा शोषतं. गवताचं उलट, ते अवरक्त भरपूर परावर्तित करतं. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की मिळतो पाण्याचा निर्देशांक. समजा पाण्यावरून हिरवा ६ टक्के आणि अवरक्त २ टक्के परतला, तर उत्तर ०.५. गवतासाठी ८ आणि ४० धरले, तर उणे ०.६७. शून्याच्या वर पाणी, खाली जमीन.

आता सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह घ्या. तो एखाद्या जागेवरून जातो तेव्हा तिथे सूर्याच्या हिशेबाने सकाळचे साधारण साडेदहा वाजलेले असतात. लडाखमध्ये डिसेंबरात त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो आणि हजार मीटर उंच कड्याची सावली सपाटीवर सतराशे मीटर लांब पडते. जूनमध्ये तीच चारशे मीटर. सावलीतल्या खडकावर थेट ऊन नसतं, पण तो पूर्ण अंधारातही नसतो. त्याच्यावर आकाशाचा निळसर उजेड पडतो. हवेचे रेणू आखूड लहरींचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि ते प्रमाण लहरलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं. हिरव्या प्रकाशाची लहरलांबी ०.५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अवरक्ताची ०.८४, म्हणजे दीडपट. दीडचा चौथा घात सुमारे पाच, म्हणून हिरवा सुमारे पाच पट विखुरतो. उन्हात हिरवा १५ आणि अवरक्त २० टक्के देणारा खडक सावलीत, ढोबळमानाने, ७५ ला २० अशा प्रमाणात दिसतो. निर्देशांक उणे ०.१४ वरून थेट ०.५८ वर! कोरडा ठणठणीत खडक गणितात तळं होऊन बसतो.

यावर उपाय दोन. पाणी सपाट असतं, म्हणून उंचीचा नकाशा जोडून उतारावरचे ठिपके वगळायचे. आणि सावली ऋतूप्रमाणे सरकते, तळं सरकत नाही, म्हणून वेगवेगळ्या महिन्यांची चित्रं ताडून बघायची.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "हिमालयातलं तळं आटलं" छापाच्या चित्रजोड्यांवर मी तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. एक चित्र जूनचं आणि दुसरं ऑक्टोबरचं असेल, तर पाणी आटलं की नुसती सावली सरकली हे कळत नाही, आणि त्या तुलनेला अर्थ नाही. केदारनाथला २०१३ मध्ये चोराबारी तळ्याचा बांध फुटला, तेव्हा अलकनंदेकाठच्या धारीदेवीची मूर्ती जलविद्युत प्रकल्पासाठी हलवल्याचा कोप झाला असं लाखोंनी मानलं. कारण होतं मुसळधार पाऊस, वितळणारा बर्फ आणि हिमनदीने आणून टाकलेल्या सैल दगडगोट्यांचा बांध. कोपाची भाषा बोलून पुढचा धोका कळत नाही, अशा छोट्या तळ्यांवर नजर ठेवून कळतो.

उघडं पाणी नसलेल्या ओल्या कुरणांवर मात्र वरचा निर्देशांक हरतो, कारण तिथे पाणी गवताखाली लपलेलं असतं. तिथे रडार लागतं. एखादा पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे सांगणारा विद्युत-अपार्यता गुणांक पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३-४. एवढ्या फरकामुळे ओली माती रडारची लहर कितीतरी जोराने परत पाठवते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या इस्रो आणि नासाच्या रडार उपग्रहाची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती गवतातून सहज आत शिरते, ढग आणि रात्र तिला अडवत नाहीत, आणि उपग्रह तीच जागा दर १२ दिवसांनी पुन्हा तपासतो. अर्थात रडार तिरकं बघतं, त्यामुळे कड्यामागे त्याचीही सावली पडते. ती भरून काढायला उत्तरेकडे जातानाच्या आणि दक्षिणेकडे येतानाच्या अशा दोन्ही फेऱ्यांची चित्रं एकत्र वापरतात. एका फेरीत झाकलेली दरी दुसरीत बहुधा उघडी पडते.