मॅनेजरला नारळ की मुदत? लेस्टरच्या निर्णयामागचा इतिहास

संघ सलग हरू लागला की पहिली नजर मॅनेजरच्या खुर्चीवर जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये संघ निवडायची ती संचालकांची समिती. खापर फोडायला एकच डोकं सापडत नसे. १९२०च्या दशकात आधी हडर्सफील्ड आणि मग आर्सेनलमध्ये एकाच माणसाने निवड, डावपेच, खरेदी असा सगळा कारभार हाती घेतला. श्रेय त्याचं झालं, तसं अपयशही त्याचंच झालं.

धीर धरा म्हणणारे हटकून मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण देतात. नोव्हेंबर १९८६मध्ये आलेल्या मॅनेजरला पहिला चषक १९९०मध्ये मिळाला आणि २०१३पर्यंत त्याने १३ लीग विजेतेपदं जिंकली. उदाहरण खरं आहे, पण तेवढीच मुदत मिळूनही काही न जिंकलेले मॅनेजर कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

१९९२नंतर टीव्हीचा पैसा वाढत गेला, तशी तळातल्या तिघांत राहून खालच्या विभागात जाण्याची किंमतही वाढली. २००२-०३पासून इंग्लंडमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री ठरावीक काळापुरती मर्यादित झाली. फेब्रुवारीत संघ बुडू लागला तर नवा खेळाडू आणता येत नाही, मॅनेजर मात्र बदलता येतो. हकालपट्ट्यांच्या चर्चेत हा नियम फारसा कुणी आठवत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो लेस्टर या इंग्लिश क्लबच्या निर्णयावर. २०१५-१६मध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसताना विजेतेपद मिळवून देणाऱ्या मॅनेजरला क्लबने फेब्रुवारी २०१७मध्ये काढलं. संघ तळातल्या तिघांपेक्षा फक्त एका गुणाने वर होता. लीगमध्ये सलग पाच पराभव झाले होते आणि नव्या वर्षात लीगमध्ये एकही गोल नव्हता. मधल्या फळीचा कणा असलेला खेळाडू आदल्या उन्हाळ्यात चेल्सीने नेला होता, हेही विसरू नये. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये स्पेनच्या सेव्हियाकडून पहिल्या सामन्यात १-२ अशी हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय जाहीर झाला. चारच दिवसांत सहायकाच्या हाताखाली त्याच खेळाडूंनी लिव्हरपूलला ३-१ हरवलं. लीगमधले पुढचे चार सामनेही जिंकले, परतीच्या सामन्यात सेव्हियाची आघाडी मोडून काढली आणि हंगामअखेर संघ बारावा आला. हकालपट्टीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. तो सहायक उन्हाळ्यात कायम झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाही घरी पाठवलं, ही गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात.

नवा मॅनेजर आला की संघ उसळी घेतो, हा समज इथूनच पक्का झाला. पण मॅनेजर काढला जातो तो घसरण अगदी टोकाला पोचल्यावर. त्या टोकावरून निकाल थोडेफार सुधारायचेच असतात. नेदरलँड्सच्या लीगवरच्या एका अभ्यासात मॅनेजर बदललेल्या संघांची तुलना तशीच घसरण होऊनही न बदललेल्या संघांशी केली गेली. न बदललेले संघही तितकेच सावरले होते. माझ्या मते या वादातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि मैदानाबाहेरच्या आरडाओरड्यात तोच ऐकू येत नाही.

पुढे लेस्टरनेच दोन्ही वाटा चोखाळल्या. २०२१चा एफए कप जिंकून देणाऱ्याला एप्रिल २०२३पर्यंत ठेवलं, तरी संघ खाली गेला. वर परतल्यावर नोव्हेंबर २०२४मध्ये, लीगचे १२ सामने होताच, मॅनेजर बदलला. तेव्हा संघ सोळावा होता. तरीही तो पुन्हा खाली गेला. वॉटफर्डने तर २०१९-२०च्या एकाच हंगामात तिघांना काढलं, तिसऱ्याला दोन सामने उरलेले असताना, आणि तेही बुडाले.

आर्सेनलने २०२१मध्ये उलटं केलं. सलग दोन हंगाम आठवं स्थान, नव्या हंगामात पहिले तिन्ही सामने गमावलेले, गोल शून्य, संघ तळाला. मॅनेजर तोच राहिला. पण त्या उन्हाळ्यात २३ किंवा त्याहून कमी वयाचे सहा खेळाडू आणले होते. २०२२-२३पासून सलग तीन हंगाम संघ दुसरा आला. इथे मुदतीबरोबर संघही बदलून मिळाला होता.

आता बऱ्याच क्लबांत खरेदी स्पोर्टिंग डायरेक्टर करतो आणि मॅनेजरच्या जागी फक्त संघ तयार करणारा हेड कोच असतो. खेळाडू चुकीचे निवडले तरी नारळ मिळतो तो बहुधा कोचलाच. निवडणारा पुढच्या कोचच्या मुलाखती घ्यायला बसतो.