नाव नसलेल्या आजाराचा काळ : मज्जासंस्थेच्या निदानाची पार्श्वभूमी

हाताला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, एका डोळ्यासमोर धुके दाटते आणि काही दिवसांनी ते आपोआप निवळते. एमआरआय होतो, रक्त तपासले जाते, नसांची तपासणी होते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. घरच्यांना हायसे वाटते; पण ज्याला जिना उतरताना पाय आपला नाही असे वाटते, तो त्या एका शब्दामुळे अधिकच एकटा पडतो. निदानाची ही वाट इतकी लांब का असते आणि ‘काही नाही, टेन्शन असेल’ हे उत्तर इतक्या सहज का पुढे येते, याची मुळे सुमारे दोनशे वर्षे मागे सापडतात.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याला डिसेंबर 1822 मध्ये, स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर, डोळ्यांनी नीट दिसेनासे झाले. त्याला आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. उपचार न करताच दृष्टी परत आली. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या आणि पाठोपाठ पायांतले बळ गेले. डॉक्टरांनी मांसाहार वाढवायला सांगितला, मद्य दिले, मालिश करवले, औषधी झऱ्यांच्या पाण्याने स्नाने घडवली. डेस्टे दोन दशकांहून अधिक काळ हे सारे रोजनिशीत नोंदवत राहिला आणि 1848 मध्ये वारला. त्याला काय झाले आहे, हे त्याला कोणीही सांगू शकले नाही. आज त्या नोंदी वाचणाऱ्या तज्ज्ञांना त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूत जागोजागी व्रण पाडणाऱ्या आजाराचे, चित्र स्पष्ट दिसते, परंतु त्या काळी या आजाराला स्वतंत्र ओळखच नव्हती. या रोजनिशीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा नेमकेपणा. नाव माहीत नसताना त्याने तारीख, अवयव आणि क्रम सोडला नाही, म्हणूनच शंभर वर्षांनंतर त्याचे निदान करता आले.

ती ओळख 1868 मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी घडवली. जिवंतपणी लक्षणे बारकाईने टिपायची आणि मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू कापून त्यांच्याशी ताडून पाहायची, ही त्यांची पद्धत होती. मज्जासंस्थेचे शास्त्र या पद्धतीवर उभे राहिले, पण तिचा एक परिणाम रुग्णांना फार काळ भोगावा लागला. शवविच्छेदनात व्रण सापडला तर तो आजार; काहीच सापडले नाही तर त्या दुखण्याची जागा कोणती, हा प्रश्न उरला. अशा रुग्णांसाठी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला ‘हिस्टेरिया’ हा जुना शब्द तयारच होता. शार्को स्वतः त्याला मज्जासंस्थेचाच विकार मानत आणि तो पुरुषांनाही होतो हे त्यांनी दाखवले. पुढे 1895 मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या ग्रंथाने दडपलेल्या भावनेचे शारीरिक लक्षणात रूपांतर होते असा विचार मांडला आणि न सापडणाऱ्या कारणाची जागा मनाने घेतली. या विचाराने काहींना मदत झाली हे खरे, परंतु ‘दिसत नाही म्हणजे मनातले’ अशी घातक सवयही त्यातूनच वैद्यकाला जडली.

या सवयीची किंमत किती होती, हे 1965 मध्ये लंडनचे मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी दाखवले. हिस्टेरियाचे निदान झालेल्या 85 रुग्णांचा त्यांनी पुढील अनेक वर्षांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये शारीरिक किंवा अन्य ठोस आजार उघड झाला होता. लिहिताना बोटे आखडणे, मान एका बाजूला ओढली जाणे, अशा लक्षणांच्या डिस्टोनियाच्या रुग्णांनाही विसाव्या शतकाच्या मध्यात मानसिक उपचारांकडे पाठवले जात असे. 1997 मध्ये त्याच्या एका प्रकाराचे जनुक सापडले. 2007 मध्ये वर्णन झालेल्या एका मेंदूज्वरात तर शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील संदेश स्वीकारणाऱ्या विशिष्ट ग्राहकांवर (रिसेप्टर) हल्ला करते. त्याची सुरुवात भ्रम आणि विचित्र वागण्याने होत असल्यामुळे असे कितीतरी रुग्ण आधी मनोरुग्णालयात पोहोचत. त्याआधीच्या दशकात आजारी पडलेल्याला हे निदान मिळणे शक्यच नव्हते.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अर्धवट राहील. हिस्टेरिया किंवा तत्सम विकार म्हणून केलेल्या चुकीच्या निदानांचे प्रमाण 1950 च्या दशकातील सुमारे 29 टक्क्यांवरून 1970 नंतर सुमारे 4 टक्क्यांवर आले, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात आढळले. त्यामुळे आज एखाद्या तज्ज्ञाने ‘फंक्शनल’ (रचना शाबूत, पण कार्य बिघडलेले) विकार म्हटले, तर ते घाईचे उत्तर आहे असे धरून चालणे योग्य नाही. या निदानाला स्वतःच्या खुणा असतात. चार्ल्स हूवर यांनी 1908 मध्ये सांगितलेली चाचणी पाहा. रुग्ण उताणा झोपतो. त्याला दुबळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितले की ती दबत नाही. पण चांगला पाय उचलायला सांगताच डॉक्टरांच्या तळहाताला तीच टाच जोराने दबलेली जाणवते. स्नायूचे बळ शाबूत असते, इच्छेने ते वापरण्याची वाट अडलेली असते. हे सोंग नव्हे. मानसिक आघात शोधून काढण्याची अटही 2013 मध्ये निदानाच्या निकषांतून काढण्यात आली, आणि मला तो फार उशिरा झालेला न्याय वाटतो.

दरम्यान साधने वाढत गेली. बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये दाखवलेले तळपायाचे चिन्ह, 1891 पासून काढता येऊ लागलेले मणक्यातले पाणी, बर्गर यांनी 1924 मध्ये नोंदवलेले मेंदूचे विद्युत आलेख, 1971 मधला पहिला सीटी स्कॅन आणि 1981 मध्ये एमआरआयवर दिसलेले मल्टिपल स्क्लेरोसिसचे व्रण, अशा प्रत्येक पावलाबरोबर ‘नॉर्मल’ची सीमा सरकली. तरीही प्रतीक्षा संपली नाही, कारण काही आजारांत काळ हीच तपासणी असते. 1965 च्या निकषांनुसार मल्टिपल स्क्लेरोसिस ठरवायला निदान एक महिन्याच्या अंतराने, प्रत्येकी 24 तासांहून अधिक टिकणारे दोन झटके यावे लागत, म्हणजे रुग्णाने दुसऱ्या झटक्याची वाट पाहायची. 2001 च्या निकषांनी एमआरआयवरचा नवा व्रण त्याऐवजी धरला. 2017 मध्ये पाठीच्या पाण्यातील विशिष्ट प्रथिनांच्या पट्ट्यांनाही ते स्थान मिळाले. डॉक्टर ‘तीन महिन्यांनी पुन्हा पाहू’ म्हणतात, तेव्हा ती टाळाटाळ असेलच असे नाही.

या मधल्या काळाचा स्वतंत्र विचार मात्र उशिराच झाला. परिचारिका-संशोधक मर्ल मिशेल यांनी 1981 मध्ये आजारातील अनिश्चितता मोजण्याची प्रश्नावली मांडली आणि 1988 मध्ये त्यावर सिद्धांत उभारला. लक्षणांचा अर्थ न लागणे हा स्वतःच एक ताण आहे, आणि विश्वासाची माणसे व स्पष्ट माहिती मिळाली की तो घटतो, असा त्याचा गाभा आहे. दीर्घ आजारात अनिश्चितता पूर्ण जात नाही, तिच्यासोबत जगण्याची रीत बसवावी लागते, अशी भर त्यांनी 1990 मध्ये घातली.

म्हणूनच आता तज्ज्ञ रुग्णाला रोजनिशी ठेवायला सांगतात. केव्हा सुरू झाले, शरीराच्या कोणत्या बाजूला, किती तास टिकले, कशाने वाढले, एवढ्या चार नोंदी पुरतात; दिवसभर शरीराकडे लक्ष लावून बसण्याने लक्षणे आणखी तीव्र वाटू लागतात, म्हणून नोंद थोडक्यात करून वही मिटणेच बरे. झटका आला तर मोबाईलवर चित्रीकरण करावे, कारण तपासणीच्या टेबलावर तो क्वचितच दिसतो. झोप, वेदना आणि तोल यांवरचे उपचार नावाची वाट न पाहता सुरू करता येतात. अचानक एका बाजूचे बळ जाणे, बोलणे अडखळणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, जांघेतील बधिरपणासह लघवी अडणे, यांपैकी काहीही घडले तर पुढच्या भेटीची तारीख पाहत न बसता लगेच रुग्णालयात जावे.