शालेय उपयोजित प्रोग्रॅमिंग (नाशिक परिसर)

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा व त्यांवर चालणारी इलेक्ट्रॉनिक साधने यांचे शिक्षण एखाद्या प्रत्यक्ष कामाच्या निमित्ताने शालेय वयातच देण्याच्या पद्धतीला शालेय उपयोजित प्रोग्रॅमिंग म्हणता येईल.

या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा, याविषयी दोन मते संभवतात. डार्टमथ महाविद्यालयात १९६४ मध्ये तयार झालेली बेसिक ही भाषा नवशिक्यांसाठी होती खरी. परंतु तिचा रोख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ च्या सुमारास सिद्ध केलेली लोगो ही भाषा मात्र मुलांसाठीच होती आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासवही आले. त्यामुळे आरंभ बेसिकऐवजी लोगोपासून मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. शाळेतच साधने बनवून पाहण्याची सोय करणारी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजना (२०१६) इयत्ता सहावी ते बारावीसाठी असून, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगला माध्यमिकपूर्व टप्प्यावर स्थान दिले.

नाशिकमध्ये स्थानिक प्रश्नांवर तंत्रज्ञान योजण्याला ठळक चालना मिळाली ती २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आगेमागे. मूळचे नाशिकचे असलेले अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅब या संशोधनसंस्थेतील रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कुंभथॉन’ या स्थानिक प्रश्नांवर तांत्रिक उपाय शोधण्याच्या उपक्रमात सहभाग मुख्यतः महाविद्यालयीन तरुणांचा होता, शाळांनी घेण्याजोगा भाग म्हणजे प्रश्न आधी आणि साधन नंतर, हा क्रम.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातील मुलांना मातीतील ओल मोजणारे साधन जवळचे वाटते. स्वस्त संवेदकाचे (सेन्सरचे) दोन धातूचे दात मातीत खोचले की त्यांच्यातील विद्युतरोध ओलीनुसार बदलतो व आर्डुइनो उनो ही लिहून दिलेल्या आज्ञांनुसार चालणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी तो ० ते १०२३ यांमधील आकड्याने दाखविते. दातांतून वीज सतत वाहू दिल्यास विद्युत् अपघटनाने एक दात झिजत जातो आणि आकडे भरकटतात. म्हणून मोजणीपुरतीच वीज देण्याची आज्ञा लिहावी लागते, किंवा धारिता (विद्युत्भार साठविण्याची क्षमता) मोजणारा संवेदक वापरावा लागतो. काळ्या मातीसाठी ठरविलेली सीमा मुरमाड जमिनीला चालत नाही, त्यामुळे कोरड्या व पूर्ण भिजलेल्या मातीचे आकडे प्रत्येक शेतात नव्याने घ्यावे लागतात. पाठ्यपुस्तकातील ‘जर-तर’ ही रचना येथे ठिबकचा व्हॉल्व्ह कधी उघडावा, या निर्णयाला जोडली जाते.

पेठ, सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांत इंटरनेटशिवाय चालणारी साधने सोयीची ठरतात. २००७ मध्ये खुली झालेली स्क्रॅच ही पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून वापरावयाची भाषा संगणकावर एकदा उतरवून घेतल्यास जोडणीविना वापरता येते.