चवळीचा डबा आणि ३६८२ वाघ

दरवर्षी बुद्धपौर्णिमेनंतर विदर्भातल्या वर्तमानपत्रांत बातमी येते: अमुक जंगलात पाणवठ्यांवर गणना, इतके वाघ दिसले. चांदण्यात मचाणावर काढलेली रात्र विलक्षण असते, प्रत्येकाने ती एकदा अनुभवावीच. वनविभागही आता तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. पण त्या रात्री वाघ मोजून होत नाहीत. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर जाऊन येतो, दुसरा पोटभर खाऊन नाल्यात पडून राहतो. मग देशभरातल्या वाघांचा २०२२ सालचा ३६८२ हा आकडा आला कुठून?

पूर्वी पायाचे ठसे मोजत. ठशावर काच धरायची, त्याची आकृती उतरवून घ्यायची आणि अनुभवाने ठरवायचं की हा वाघ वेगळा. पण ओल्या मातीतला ठसा आणि धुळीतला ठसा एकाच पंजाचे असूनही वेगळे दिसतात. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ नांदत होते. २००५ साली कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. ठशांच्या पद्धतीने २००२ च्या सुमारास देशात ३६४२ वाघ होते, नव्या पद्धतीने २००६ साली १४११. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘इतके वाघ मेले’ म्हणणं चूक आहे, कारण मधे मोजपट्टीच बदलली.

ही नवी मोजपट्टी मला फार आवडते. ती समजायला घरातला चवळीचा डबा पुरे. मूठभर दाणे काढा, समजा ४० आले. प्रत्येकावर शाईचा ठिपका द्या, परत टाका, डबा नीट हलवा. आता दुसऱ्यांदा काढलेल्या ५० दाण्यांत ५ ठिपकेवाले निघाले. म्हणजे डब्यात साधारण दहातला एक दाणा ठिपक्याचा आहे आणि ठिपके एकूण ४०, तर डब्यात सुमारे ४०० दाणे. सगळा डबा न ओतता!

वाघावर ठिपका द्यावा लागत नाही, त्याचे पट्टे जन्मापासून तेच काम करतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत वाघांसाठी रुजवली. पट्टे कातडीवरही असल्याने जप्त केलेलं कातडं कोणत्या वाघाचं, हेही जुन्या फोटोंवरून ओळखता येतं. आणि ज्या नखांच्या लॉकेटसाठी वाघ मारले जातात, ती नखं केराटिनची असतात. आपण नेलकटरने कापून टाकतो त्याच जातीचं प्रथिन. त्यात शौर्य नाही, दृष्ट काढण्याची ताकद तर नाहीच.

पण वाघ म्हणजे चवळी नव्हे. दांडगा नर वाटांवरून सतत फिरतो, पिल्लांची आई एका दरीत दबून राहते. दोघे कॅमेऱ्यात सापडण्याची शक्यता सारखी धरली तर आकडा चुकतो. शिवाय कॅमेऱ्यांच्या जाळ्याच्या कडेला राहणारा वाघ धरायचा की सोडायचा? यावरचा उपाय असा: प्रत्येक वाघाच्या वावराचा एक मध्यबिंदू मानायचा. कॅमेरा त्या बिंदूपासून जितका दूर, तितकी फोटो मिळण्याची शक्यता घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे घटते. ही घट किती वेगाने होते ते ‘सिग्मा’ सांगतो, आणि सिग्मा काढतात एकाच वाघाचे फोटो किती अंतरावरच्या कॅमेऱ्यांत मिळाले त्यावरून. मग प्रत्येक चौरस किलोमीटरमध्ये किती मध्यबिंदू असले पाहिजेत याचा अंदाज बांधायचा. कडेचा वाघही त्यात आपोआप बसतो.

२०२२ च्या फेरीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे होते. सुमारे ४ कोटी ७० लाख फोटोंपैकी वाघांचे ९७,३९९. त्यातून ३०८० वेगळे वाघ ओळखता आले, वर्षाच्या आतली पिल्लं सोडून. म्हणजे उरलेले सहाशेच्या आसपास वाघ गणिताने सापडले. खरं तर उत्तर एक आकडा नसून ३१६७ ते ३९२५ असा पट्टा आहे. एप्रिल २०२३ मध्ये खालचं टोक जाहीर झालं, जुलैमध्ये सरासरी. तीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले नव्हते. महाराष्ट्राचा अंदाज मात्र त्याच पद्धतीने २०१४ मधल्या १९० वरून ४४४ वर गेला, आणि ही तुलना चालते.

वाढलेल्या वाघांतले तरुण नर साधारण दोन वर्षांचे झाले की आईचा इलाका सोडतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला असाच एक नर २०१९ च्या जूनमध्ये निघाला. शेतं, रस्ते, तेलंगणातली जंगलं ओलांडत तो डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, १३०० किलोमीटर चालून. त्याचा मध्यबिंदू कुठे काढणार?