विसरलेल्या पासवर्डचा हिशेब

बिटकॉइन, इथेरियमसारखं आभासी चलन ठेवणाऱ्यांच्या ‘वॉलेटचा पासवर्ड विसरलो’ या एका वाक्याखाली चार-पाच निरनिराळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. एक्स्चेंजवरच्या, म्हणजे हे चलन विकणाऱ्या-घेणाऱ्या कंपनीकडच्या, खात्याचा पासवर्ड गेला असेल, तर ते काम कंपनीचं आहे. ओळख पटवा, थोडी वाट पाहा, नवा पासवर्ड मिळतो. मोबाइलमधल्या किंवा ब्राउझरमधल्या वॉलेटचा पासवर्ड गेला, पण सीडचे, म्हणजे ज्यांवरून सगळं वॉलेट पुन्हा घडवता येतं ते १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहिलेले आहेत, तर खरं म्हणजे काहीच हरवलेलं नाही. तो पासवर्ड फक्त त्या एका उपकरणावरची प्रत बंद ठेवतो. शब्द दुसऱ्या उपकरणावर भरले की वॉलेट जसंच्या तसं उभं राहतं. हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे लेजर किंवा ट्रेझरसारख्या छोट्या वेगळ्या उपकरणाच्या, पिनचंही तेच. लेजरवर सलग तीनदा चुकीचा पिन पडला की उपकरण स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझर वनवर ही मर्यादा १६ आहे. सीड हाताशी असेल तर खुशाल पुसू द्या. नसेल तर अंदाजाने पिन दाबत बसू नका.

खरी कसोटी दोनच ठिकाणी लागते. सीड नाही आणि कुलूपबंद वॉलेट फाइलचा पासवर्ड आठवत नाही, ही एक. सीडचे शब्दच अर्धवट आहेत, ही दुसरी. दोन्हीकडे कूटलेखन फोडण्याचा प्रश्नच येत नाही. एईएस-२५६ ही कुलूप घालायची पद्धत फोडायच्या वाटेला कोणी जात नाही. करायचं असतं ते एवढंच: आठवणीतले तुकडे जोडून शक्यतांची यादी बनवायची आणि ती यादी संगणकाला आपल्या हयातीत संपवता येईल इतकी लहान ठेवायची.

अंदाज तपासायला इतका वेळ का लागतो

बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रामची वॉलेट फाइल पासवर्डने बंद करण्याची सोय २०११ मध्ये ०.४.० आवृत्तीत आली. आतली रचना दुपदरी आहे. सगळ्या प्रायव्हेट की (नाणी खर्च करण्याचा अधिकार देणारे गुप्त आकडे) एका मास्टर कीने बंद असतात आणि ती मास्टर की तुमच्या पासवर्डवरून घडवलेल्या चावीने. ही चावी घडवताना पासवर्ड आणि ८ बाइटचं सॉल्ट (त्यात मिसळलेला यादृच्छिक आकडा) शा-५१२ या गणिती प्रक्रियेतून किमान २५,००० वेळा फिरवलं जातं. कुलूप घालणारा संगणक वेगवान असेल तर फेऱ्या आणखी वाढतात, कारण प्रोग्राम त्या यंत्राचा वेग मोजूनच आकडा ठरवतो. त्यामुळे २०१२ च्या एखाद्या मंद लॅपटॉपवर बंद केलेली फाइल आजच्या संगणकावर बंद केलेल्या फाइलपेक्षा बरीच लवकर तपासून होते. आळशी जुन्या यंत्राचा असा उपकार क्वचितच होतो.

इथेरियमच्या कीस्टोअर फाइलचं (तिथल्या कुलूपबंद वॉलेट फाइलचं) धोरण वेगळं आहे. तिथे बहुतेक वेळा एसक्रिप्ट ही भरपूर मेमरी खाणारी पद्धत वापरतात आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये एकेका अंदाजाला २५६ एमबी मेमरी लागते. ग्राफिक्स कार्डाची ताकद असते हजारो अंदाज एकाच वेळी चालवण्यात. इथे मेमरीच तेवढी पुरत नाही आणि ती ताकद वाया जाते. मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटने पूर्वी १०,००० फेऱ्यांवर काम भागवलं होतं, पुढे ते ६ लाखांवर नेलं. म्हणजे तोच पासवर्ड, पण शोध साठपट मंद. म्हणून शोध सुरू करण्याआधी वॉलेट कोणतं, कोणत्या आवृत्तीतलं आणि कोणत्या साली बंद केलेलं, हे लिहून काढायला हवं.

आता हिशेब. समजा तुमची फाइल आणि तुमचं यंत्र यांचा मेळ सेकंदाला १,००० अंदाजांचा बसतो. महिनाभर अखंड चालवलं तर साधारण २५९ कोटी अंदाज होतात. इंग्रजी लहान लिपीतल्या आठ सुट्या अक्षरांच्या शक्यता आहेत २०,८८२ कोटी, म्हणजे साडेसहा वर्षांपेक्षा जास्त. त्यात मोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळली की हाच काळ लाखाहून अधिक वर्षांवर जातो. ‘काहीच आठवत नाही, पण आठ अक्षरी होता’ एवढ्याच माहितीवर शोध का लावत नाहीत, ते यावरून कळेल.

हात लावण्याआधी

सर्वांत आधी फाइलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर काढाव्यात आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करावं. डिस्क कुरकुरत असेल तर तिच्यावरून वॉलेट उघडायचा खटाटोप नको. डीडी-रेस्क्यूसारख्या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी. फाइल चुकून डिलीट झाली असेल तर तो संगणक तिथल्या तिथे बंद करावा. एसएसडीवर मोकळी झालेली जागा ट्रिममुळे आपोआप पुसली जाते, त्यामुळे तिथे उशीर महागात पडतो. ब्राउझरमधलं वॉलेट असेल तर एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. तो ऐकू नका. कुलूपबंद तिजोरी त्या एक्स्टेंशनच्याच डेटामध्ये असते आणि एक्स्टेंशन काढलं की तीही जाते. त्याऐवजी ब्राउझरचं संपूर्ण प्रोफाइल फोल्डर कॉपी करून ठेवा.

मग शिल्लक तपासा. बिटकॉइन कोअरच्या फाइलमध्ये फक्त प्रायव्हेट की बंद असतात. पत्ते आणि व्यवहार पासवर्डशिवाय वाचता येतात. पत्ते ब्लॉक एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या सार्वजनिक संकेतस्थळावर) टाकून पाहिले की आत काही उरलंय का ते दोन मिनिटांत कळतं. पाच वर्षांपूर्वीच रिकामं केलेलं वॉलेट उघडण्यासाठी महिनाभर वीज जाळण्यात अर्थ नाही.

याच टप्प्यावर जुने बॅकअप धुंडाळा. इतकी मोलाची गोष्ट आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पासवर्ड बदलला तरी आधीच्या प्रायव्हेट की बदलत नाहीत. म्हणून नवा पासवर्ड विसरला असेल, पण जुना आठवत असेल, तर त्या काळातली फाइलची प्रत त्या जुन्याच पासवर्डने उघडते आणि तेव्हाच्या पत्त्यांवरची नाणी आजही हलवता येतात. कुलूप घालण्याआधीची प्रत सापडली तर मग पासवर्डच नको. अट एवढीच, की नाणी कुलूप घालण्याआधीच्या पत्त्यांवर असायला हवीत. कुलूप घालताना कोअर पुढच्या पत्त्यांसाठी नव्या की तयार करतं.

यादी कशी बांधायची

या कामाला बीटीसी-रिकव्हर हा मुक्त स्रोत प्रोग्राम सर्वांत सोयीचा, आणि ग्राफिक्स कार्डावर वेग हवा असेल तर हॅशकॅट हा दुसरा प्रोग्राम. बीटीसी-रिकव्हरला एक टोकन फाइल, म्हणजे आठवणीतल्या तुकड्यांची यादी, द्यायची असते. एका ओळीत लिहिलेले तुकडे एकमेकांचे पर्याय मानले जातात, वेगवेगळ्या ओळींतले तुकडे हव्या त्या क्रमाने जोडले जातात. ओळीच्या सुरुवातीला + दिला की त्या ओळीतला एक तुकडा सक्तीचा होतो. तुकड्याच्या आधी ^ लावलं की तो पासवर्डच्या सुरुवातीलाच येतो, शेवटी $ लावलं की शेवटीच.

समजा पासवर्डमध्ये एक नाव होतं, एक साल आणि एक-दोन चिन्हं, एवढं आठवतंय. पहिल्या ओळीत नावाची ३ रूपं, दुसरीत ४ सालं, तिसरीत चिन्हांचे ३ पर्याय. कोणतीही ओळ गळू शकते आणि क्रम कुठलाही असू शकतो असं धरलं तरी शक्यता होतात फक्त २९२. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. पण यातला एकही पासवर्ड लागला नाही, तर टायपिंगची चूक गृहीत धरावी लागते. बारा अक्षरी पासवर्डात एखादं अक्षर बदललं, वाढलं, गळलं किंवा शेजारच्याशी अदलाबदल झालं, तर अशा एका चुकीच्या सुमारे २,३०० तऱ्हा होतात. २९२ ला २,३०० ने गुणा: पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १,००० च्या वेगाने ११ मिनिटं. दोन चुका धरल्या तर ७७ कोटी, सुमारे ९ दिवस. तीन चुका धरल्या तर १८ वर्षांहून जास्त. आणि एसक्रिप्टमुळे वेग सेकंदाला १० वर आला, तर दोन चुकांनाच अडीच वर्षांच्या आसपास लागतील.

म्हणून आंधळेपणाने चुका वाढवत जाण्यापेक्षा चुका कशा होतात ते पाहणं शहाणपणाचं. पासवर्ड दोनदा विचारला जात असल्यामुळे बोट घसरून झालेली चूक सहसा पकडली जाते. दोन्ही वेळा सारखीच होते ती चूक मात्र निसटते. कॅप्स लॉक चालू राहणं, मोबाइलने पहिलं अक्षर आपोआप मोठं करणं, कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली मोकळी जागा, कीबोर्डची मांडणी वेगळी असणं (जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा बदललेल्या असतात), फोनने सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार चिन्ह करणं. या पाचांनी यादी फार तर काही पटींनी वाढते, हजारो पटींनी नाही. त्याच काळातले तुमचे दुसरे पासवर्ड ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले असतील, तर तेही बाहेर काढा. माणूस चिन्ह नेहमीच्याच जागी लावतो आणि आकडेही नेहमीचेच वापरतो.

हे सगळं चालवण्याआधी एक चाचणी चुकवू नये. त्याच प्रकारचं, शक्यतो त्याच आवृत्तीचं एक खोटं वॉलेट तयार करा, त्याला तुमच्या यादीत नक्की बसेल असा पासवर्ड द्या आणि प्रोग्रामला तो सापडतो का ते पाहा. यादीतलं एखादं चिन्ह प्रोग्रामने आज्ञा समजून गिळलेलं असतं किंवा फाइलचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, आणि मग खरा पासवर्ड समोरून निघून जातो तरी यंत्र ‘सापडला नाही’ म्हणून मोकळं होतं.

यंत्रानेच बनवलेला पासवर्ड असेल तर आठवणीचा उपयोग नाही, पण तिथेही क्वचित फट सापडते. जो ग्रँड हा हार्डवेअर हॅकर आणि त्याच्या सहकाऱ्याने ४३.६ बिटकॉइन असलेलं एक वॉलेट उघडलं, ती हकिकत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मालकाने २०१३ मध्ये रोबोफॉर्म या पासवर्ड मॅनेजरकडून २० अक्षरांचा पासवर्ड घेतला होता. त्या वेळची रोबोफॉर्मची आवृत्ती पासवर्ड बनवताना संगणकाच्या घड्याळावर विसंबून होती. तारीख आणि वेळ तीच ठेवली की पासवर्डही तोच निघायचा. त्यामुळे २० अक्षरांच्या अफाट शक्यतांऐवजी काही आठवड्यांतले सेकंद तपासायचे उरले. २०१५ मध्ये कंपनीने ही पद्धत बदलली.

सीडचे शब्द अर्धवट असतील तर

सीडचे शब्द ज्या बिप-३९ या प्रमाणातून येतात, त्याच्या यादीत २,०४८ इंग्रजी शब्द आहेत आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं एकमेव आहेत. शाई पसरलेल्या शब्दाची चार अक्षरं वाचता आली तरी पुरे. शिवाय शेवटच्या शब्दात पडताळणीचे काही बिट असतात: १२ शब्दांत ४, २४ शब्दांत ८. बारापैकी एक शब्द गेला आणि जागा माहीत असली, तर २,०४८ पैकी साधारण १२८ च पडताळणीत टिकतात. दोन गेले तर ४२ लाखांपैकी २ लाख ६२ हजार. साधा संगणक हे उरकतो. तीन गेले तर ५४ कोटींच्या घरात जातात, तिथे दमदार यंत्र लागतं. चार गेले तर एक लाख कोटींच्या वर, आणि घरच्या यंत्राने ते होत नाही. बाराही शब्द आहेत पण क्रम विसरला, तर ४७ कोटी ९० लाख मांडण्यांपैकी सुमारे ३ कोटी टिकतात, म्हणजे जमण्यासारखं काम. चोवीस शब्दांचा क्रम पूर्ण हरवला तर तो नाद सोडलेला बरा. तो आकडा २४ अंकी आहे.

इथे एक गोष्ट हाताशी हवीच: त्या वॉलेटचा एखादा जुना पत्ता. एक्स्चेंजवरून पैसे काढल्याची ईमेल, कोणाला पाठवलेला क्यूआर कोड, कुठूनही शोधा. सापडलेला क्रम बरोबर आहे की नाही हे त्या पत्त्याशी जुळवूनच ठरतं. पाथ, म्हणजे सीडवरून पत्ते काढायचा ठरलेला मार्ग, तोसुद्धा बरोबर हवा. बिटकॉइनसाठी वेगवेगळी वॉलेट्स ४४, ४९ किंवा ८४ ने सुरू होणारे पाथ वापरतात. पाथ चुकला तर शब्द बरोबर असूनही वॉलेट रिकामं दिसतं आणि माणूस निराश होऊन शब्दांवर शंका घेत बसतो.

सीडच्या शब्दांना जोडून स्वतःचा वेगळा पासफ्रेज (जादा गुप्त शब्द) लावला असेल तर तो सर्वांत अवघड प्रकार. तिथे ‘चुकीचा पासवर्ड’ असा संदेशच येत नाही. कोणताही चुकीचा पासफ्रेज टाका, एक वैध पण रिकामं वॉलेट उघडतं. म्हणजे इथेही पत्त्याशिवाय गाडं अडतं.

दुसऱ्याच्या हाती देताना

फाइल हातात असेल तर प्रयत्नांना मर्यादा नसते. उपकरणात बंद असेल तर असते. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन आयर्नकी नावाच्या पेन ड्राइव्हमध्ये अडकले आहेत. त्याला दहाच प्रयत्न मिळतात आणि २०२१ मध्ये ही गोष्ट गाजली तेव्हा आठ संपले होते. अशा उपकरणांसाठी हार्डवेअरचे जाणकार लागतात. जो ग्रँडने एका ट्रेझर वनच्या चिपला अचूक क्षणी व्होल्टेजचा धक्का देऊन रॅममध्ये आलेला पिन आणि सीड वाचून काढले होते. ती फट उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या (फर्मवेअरच्या) पुढच्या आवृत्तीत बुजवली गेली.

वॉलेट फाइलसाठी सेवा घ्यायची असेल, तर सगळी फाइल देण्याची गरज दरवेळी नसते. बिटकॉइन कोअरच्या फाइलमधून मास्टर कीचा फक्त एक तुकडा वेगळा काढता येतो. त्यावर पासवर्ड तपासता येतो, पण नाणी हलवता येत नाहीत, कारण प्रायव्हेट की तुमच्याकडेच राहतात. इथेरियमच्या कीस्टोअरचं तसं नाही. तिथून पासवर्ड तपासण्यासाठी काढलेल्या तुकड्यात (हॅशमध्ये) बंद केलेली प्रायव्हेट कीच असते. पासवर्ड ज्याला सापडला, पैसे त्याचे. विश्वासाचा प्रश्न तिथे खरोखर येतो. आगाऊ रक्कम मागणारे, सीड मागणारे किंवा ‘ब्लॉकचेनमधून परत आणतो’ म्हणणारे सरळ टाळा. मोठी शिल्लक दाखवणाऱ्या कुलूपबंद वॉलेट फाइली विकायलाही असतात. दुसऱ्यांचे श्रीमंत पत्ते घालून त्या बनवता येतात, आणि मग उघडण्यासारखं आत काही नसतंच.

वॉलेट उघडलं की तिथेच राहू नये. शोधाच्या नोंदींमध्ये पासवर्ड आता उघडा पडलेला असतो. नव्या सीडचं वॉलेट तयार करून आधी थोडी रक्कम पाठवा, पोहोचली की बाकीची. पेस्ट केलेला पत्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवा. क्लिपबोर्डमधला पत्ता बदलणारे व्हायरस असतात. इथेरियमवरची टोकन हलवायची तर फीसाठी त्याच पत्त्यावर थोडं इथर लागतं. आणि बिटकॉइन १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून त्या पत्त्यावर पडून असतील, तर त्याच प्रायव्हेट कीवर तेवढेच बिटकॉइन कॅशही (त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं चलन) आहेत. मात्र ते काढायला जाण्याआधी बिटकॉइन नव्या पत्त्यावर पोहोचलेले असू द्या, कारण त्यासाठी जुन्या की आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये घालाव्या लागतात.