आजीलाच पाहून रडून राहिली!

मे महिन्यातली दुपार. नागपुरातल्या महाल भागात आमच्या शेजारच्या घरी लेक पुण्याहून आली होती. कुलर घरघरत होता आणि दारात आजी दोन्ही हात पसरून उभी होती. नऊ महिन्यांच्या नातीनं तिच्याकडे क्षणभर टक लावून पाहिलं, ओठ काढले आणि असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली डोकावले. आजी पार खट्टू झाली. "तीन महिने म्याच हिले न्हाऊ घातलं, अन् आता मलेच पाहून रडून राहिली!"

पहिलं बाळंतपण माहेरी, मग बाळ सासरी आणि उन्हाळ्यात पुन्हा माहेरी. हा क्रम असलेल्या घरांत हे रडणं ठरलेलंच. पण नात आजीला विसरली म्हणून रडली असं म्हणणं अर्धंच खरं. तीन महिन्यांची असताना ती आजीला 'आपली' मानायला लागलीच नव्हती. त्या वयात बाळ कुणाच्याही मांडीवर रमतं. आईचा आवाज त्याला जन्मापासून ओळखू येतो, कारण तो त्यानं पोटात असतानाच ऐकलेला असतो. मात्र आवाज ओळखणं वेगळं आणि लळा लागणं वेगळं. ठरावीक माणसांचा घट्ट लळा साधारण सात-आठ महिन्यांच्या सुमारास दिसू लागतो आणि अनोळखी चेहऱ्याची भीतीही त्याच सुमारास येते. म्हणजे हे रडणं बाळाच्या वाढीतला एक टप्पा आहे. 'आपलं कोण' हे कळल्याशिवाय 'परकं कोण' हे कळणार कसं?

लळा लागतो कशानं? जो दूध देतो त्याचा, असं अनेक शास्त्रज्ञ एकेकाळी मानत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी 1958 साली माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले. पिल्लांना दोन खोट्या आया दिलेल्या होत्या. एक नुसत्या तारेची, तर दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तरी पिल्लं पोटापुरती तिकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. (आईवेगळ्या वाढवलेल्या त्या पिल्लांचे पुढे फार हाल झाले. तो प्रयोग वाचताना आजही बरं वाटत नाही.) ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी याचा अर्थ उत्क्रांतीशी जोडला. रडणं, बिलगणं, मागेमागे रांगत येणं, ही सगळी मोठ्या माणसाला जवळ ठेवण्याची बाळाची साधनं आहेत. एकटं पडलेलं पिल्लू रानात वाचत नाही.

आता घरोघरचा वाद. "सारखं उचलू नको, हाताची सवय लागते." मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या 26 बाळांच्या घरी वर्षभर वरचेवर जाऊन तासन्‌तास नोंदी केल्या. 1972 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उलटाच होता: ज्यांच्या रडण्याला पहिल्या महिन्यांत लगेच ओ मिळाली, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. या निष्कर्षावर पुढे बरीच वादावादी झाली. तरी लहानग्या बाळाला उचलल्यानं ते लाडावतं, हे काही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

लळा एकट्या आईचाच लागतो असंही नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 60 बाळांचा अभ्यास झाला, तो 1964 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बऱ्याच बाळांना दीड वर्षापर्यंत बाबा, आजी-आजोबा, भावंडं अशा एकाहून अधिक माणसांचा लळा लागला होता. काहींचा सर्वांत घट्ट लळा तर त्यांचं खाणंपिणं, न्हाणंधुणं बघणाऱ्या माणसाचा नव्हताच. बाळानं हुंकार दिला की उलट हुंकार देणारा माणूस त्यांना जास्त जवळचा होता. नोकरीवर जाणाऱ्या आयांनी हे वाचून थोडा श्वास सोडायला हरकत नाही.

आजीला मी एवढंच म्हटलं, झडप घालून घेऊ नका. लेकीशेजारी बसा, तिच्याशीच गप्पा मारा. आई ज्या माणसाशी हसते-बोलते, त्याला बाळ आईच्या मांडीवरून न्याहाळत असतं. दुसऱ्या दिवशी आजीनं पदराआड तोंड लपवून 'भॉ' केलं. तिसऱ्या दिवशी नात स्वतःच पदर ओढायला लागली.

चौथ्या दिवशी लेक तिला आजीपाशी ठेवून सीताबर्डीला खरेदीला गेली. दोन तास नात वाटी-चमचा आपटत मजेत होती. आई दारात दिसली आणि नातीनं गळा काढला. "आतापर्यंत तर चांगली खेळून राहिली होती, तुले पाहूनच रडली!" आजी म्हणाली. एन्सवर्थ बाईंच्या प्रसिद्ध प्रयोगात आईला थोडा वेळ खोलीबाहेर पाठवत. ती गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, याकडे त्यांचं जास्त लक्ष असे. आईकडे झेपावतं का, तिच्या कुशीत लवकर शांत होतं का, मग पुन्हा खेळाकडे वळतं का?

नात आईच्या खांद्यावर दोन मिनिटं हुंदके देत राहिली. मग खाली उतरली आणि वाटी घेऊन रांगत आजीकडे गेली.